मोटारीला आवतण

हेमलताच्या तांदळाच्या पिंपाचं मी बॉनेट केलं, त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक माझा, ज्यात मी होतो. दुसरा हेमलताचा, ज्यात ती, शेजारचा भिवाजी, भिवाजीची बायको चंद्रकला आणि मत विचारायला कुणी गेलं नव्हतं तरी समस्त कोळवण खोरं होतं.

माझं म्हणणं साधं होतं. पिंप पत्र्याचं होतं, गोल होतं, आणि जुन्या विलायती शर्यतीच्या मोटारींचं नाक नेमकं तसंच असे. तांदूळ काय, पोत्यातही राहतो. पण मोटारीच्या तोंडाला पोतं बांधून भागत नाही. हे मी हेमलताला शांतपणे समजावून सांगितलं. तिनंही शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा आठवडाभर माझ्या पानात भात वाढला नाही. विचारलं की म्हणायची, "पोत्यातला आहे. तुम्हाला कसा वाढू?"

आता ही मोटार म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. कारण 'घरी मोटार बनवतोय' म्हटलं की लोक माझ्याकडे न बघता हेमलताकडे कीव आल्यासारखे बघतात. परदेशात हौशी माणसं 'सायकलकार्ट' नावाचा एक प्रकार बनवतात. दुचाकीची चार चाकं, लहानसं इंजिन, लाकडाचं आणि पत्र्याचं अंग, बसायला एकच जागा, आणि दिसायला शंभर वर्षांपूर्वीची रेसिंग कार. ती घरच्या शेडमध्ये आपल्या हातानं बनवायची, हाच त्यातला नियम. मी नोकरीभर एका विमा कंपनीत वाहन अपघातांचे दावे तपासले. म्हणजे जन्मभर मोडलेल्याच गाड्या पाहिल्या. बावधनचा फ्लॅट भाड्यानं देऊन इथे वाडीत घर बांधल्यावर मला वाटलं, एखादी तरी गाडी मोडण्याच्या आधी कशी असते ते पाहावं.

चाकं भंगारातल्या दोन मोपेडची मिळाली. स्टीअरिंग एका निवृत्त टेम्पोचं. बॉनेट आवळायला चामड्याचा पट्टा लागतो, तो माझ्या ऑफिसच्या पँटचा. हेडलाइट म्हणून पितळेच्या दोन वाट्या लावल्या. त्यांचा घरात अजून शोध चालू असल्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही. रंग गडद, खानदानी हिरवा हवा होता. पौडच्या दुकानदारानं "हाच तो" म्हणून जो डबा दिला, तो उघडल्यावर कळलं की आमच्या ग्रामपंचायतीसमोरचं बाकडं त्याच डब्यातून रंगवलेलं आहे. पुढे गाडी अंगणात वाळत ठेवली असताना एक पाहुणे खरोखरच तिच्यावर चपला काढून बसले.

इंजिनाचं मात्र अडलं होतं, ते भिवाजीनं सोडवलं. भिवाजीची आणि माझी जमीन बांधाला बांध लावून. रोज सकाळी डेअरीत दूध घालून परतताना तो माझ्या शेडच्या दाराशी उकिडवा बसे, तंबाखू मळे आणि सल्ला देई. "साहेब, मागनं जड करा. चढाला मागलं चाक घसरंल." मी दिवसभर खपून गाडी मागून जड करायचो. दुसऱ्या दिवशी तो तंबाखू मळत म्हणायचा, "मागनं लई जड झाली की वो." हा माणूस आमच्या कंपनीत असता तर विभागप्रमुख झाला असता.

विजेची मोटार आल्यापासून त्याचं पंपाचं जुनं इंजिन गोठ्यात पडून होतं. "घिऊन जावा," तो म्हणाला, "पर त्याच्यावर आमची कोंबडी अंडी घालती. तिची सोय तुमी बगायची." तेव्हा इंजिन आणि कोंबडी असे दोघेही माझ्याकडे राहायला आले. कोंबडीनं ड्रायव्हरची सीट पसंत केली.

मग सुरू झालं सरकारी प्रकरण. मी जन्मभर लोकांना 'कागदपत्रं अपुरी' असं लिहून पाठवलं. आपली स्वतःची कागदपत्रं अपुरी असणं मला खपणार नव्हतं. मी पुण्याला परिवहन कार्यालयात गेलो.

"कंपनी कोणती?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"मीच."

"मॉडेल?"

"एकच आहे."

"चासी नंबर?"

"अजून घातला नाही. कोणता घालू?"

त्यांनी चष्मा काढला. "काका, वाहनात ही बसत नाही. खेळण्यात बसेल. पण खेळण्यांची खिडकी आमच्याकडे नाही."

खेळणं! मी परतीच्या एसटीत चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. सगळी उत्तम होती. पण सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची नाही, एवढं पक्कं झालं. राहिली पांद, म्हणजे शेतांमधून गावात उतरणारी आमची बैलगाडीची वाट. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, तुम्ही कधी चालवणार ते फक्त सांगा. त्या दिवशी मी तालुक्याला गेलेला असेन."

आणि इथे माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली. पोळ्याच्या दिवशी कुणी बैलाला जू लावत नाही. हल्ली ट्रॅक्टरलाही हार घालून सुट्टी देतात. म्हणजे अख्ख्या वर्षात पांद रिकामी असण्याचा एकच दिवस, पोळा! मी हे हेमलताला सांगितलं तेव्हा ती गवार निवडत होती. "आणि त्या दिवशी सगळं गाव असतं कुठं?" तिनं विचारलं.

"खाली मारुतीच्या देवळापाशी. मिरवणुकीला."

"आणि पांद उतरते कुठं?"

मी म्हणालो की मिरवणूक संध्याकाळी असते, मी दुपारीच निघून निम्म्या वाटेवरून वळणार आहे. तिनं गवार निवडायचं थांबवलं नाही. बायकांना यंत्रातलं कळत नाही असं मी तेव्हा मनात म्हणालो. ते मनातच म्हणालो हे बरं झालं.

आता मानाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे भादव्यातला पोळा. देवळासमोर दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिली जाते ती मानाची जोडी. तिच्यामागून बाकीचे बैल. हा मान भिवाजीच्या घराचा, त्याच्या पणज्यापासूनचा. अट एकच: एक वर्ष जरी दुसऱ्याची जोडी आधी गेली, तरी मान त्या घरात जातो. भिवाजीचे बैल खंड्या आणि मोऱ्या, दोघंही म्हातारे. त्याचा मुलगा रवी हिंजवडीला कामाला. तो दर रविवारी येऊन सांगे की बैल द्या आणि पॉवर टिलर घ्या. भिवाजी ऐकून घेई आणि बैलांना पेंड घालायला जाई. एकदा शेडच्या दाराशी बसून तो मला म्हणाला होता, "साहेब, नांगराला त्यांचा काय उपेग न्हाई आता. खंड्याचं तर गुडघं गेलं. पर पोळ्याला तोरनाखालनं निगाले की म्या कोन हाय ते समद्यास्नी दिसतं. तेवड्यासाठी संबाळतुया."

आणि यंदा प्लॉटिंगवाल्या दिग्विजयनं मुद्दाम पोळ्यासाठी पांढरीशुभ्र खिल्लार जोडी आणली होती. तो कुणाशी वाईट बोलत नसे. हात जोडूनच म्हणायचा, "भिवाजीदादांचा मान आहे तोवर आहे. पण बैल चालले तर पाहिजेत ना?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी इंजिन बसवताना माझ्या खांद्यात उसण भरली. मी ओसरीवर खांदा धरून कण्हत बसलो होतो. संध्याकाळी भिवाजी आला. हातात वाटी, वाटीत हळद आणि तूप. आदल्या दिवशी बैलांचे खांदे या हळदतुपानं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वाटीत थोडं उरलं होतं.

"कुटं दुखतंया?" म्हणत त्यानं माझा सदरा बाजूला केला आणि तो ओबडधोबड हात माझ्या खांद्यावर असा फिरवला, की बरं वाटल्याचा आवाज माझ्या तोंडून निघाला. शेवटी खांद्यावर थाप मारून, नेहमीच्या सवयीनं, तो बोलून गेला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

चंद्रकला कुंपणापलीकडून हसायला लागली. हेमलता तर पदर तोंडाला लावून आतच गेली. मी विमा कंपनीतला वरिष्ठ अधिकारी. मी सदरा खांद्यावर ओढून घेतला आणि हवापाण्याचा विषय काढला.

पोळ्याच्या सकाळी हेमलताच्या पक्षानं अचानक माझ्याशी युती केली. सण होता. "बैल धुतात, मग गाडीही धुवायला हवी," हेमलता म्हणाली आणि पाइप घेऊन तिनं आणि चंद्रकलानं गाडी अशी धुतली की ब्रेकच्या ड्रमातून पाणी टपकायला लागलं. मग हार आला.

"अगं, रेसिंग कारला हार नसतो."

"अहो, पिंप माझं आहे. माझ्या पिंपाला मी हार घालणार."

हार झेंडूचा, चांगला बैलाच्या मापाचा. बॉनेटवरून लोंबत तो खाली इंजिनापर्यंत गेला. मी तो काढणार होतो. पण तेवढ्यात तिनं मला ओवाळलं, आणि इतक्या दिवसांनी ती माझ्याकडे पाहून प्रसन्न हसली म्हणून मी तो राहू दिला.

मी कानटोपी घातली, वेल्डिंगचा गॉगल लावला, गळ्यात मफलर टाकला. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं. काय सांगू! कोंबडी ओरडत उडाली, पिंप थरथरलं आणि गाडी निघाली. माझी गाडी, माझ्या हातची, निघाली! दोन्ही बाजूंना भात निसवला होता, वारं मफलरात भरत होतं, आणि मला त्या खिडकीतल्या गृहस्थांची फार आठवण झाली. त्यांनी आता मला पाहायला हवं होतं.

निम्म्या वाटेवर, वळायच्या जागी, मी वेग कमी करायला गेलो. वेग कमी झाला नाही. हाराचा दोरा वेग वाढवणाऱ्या तारेभोवती गुंडाळला गेला होता. ब्रेक दाबला. ओल्या ब्रेकनं गाडी थांबवली नाही, फक्त पांदीला उतार आहे एवढं माझ्या लक्षात आणून दिलं. मी भोंगा वाजवला. तो बकरी ओरडल्यासारखा वाजतो, त्यामुळे कुणी गंभीरपणे घेतलं नाही.

पावसाची चिन्हं दिसत होती, म्हणून मिरवणूक त्या दिवशी लवकर निघाली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे सगळे मिरवणुकीत होते.

वळण संपलं आणि समोर देऊळ, तोरण, हलगी, अख्खं गाव. सगळ्यांत पुढे भिवाजी, गुलाबी फेट्यात, हातात कासरा. खंड्याच्या गुडघ्यांमुळे त्याची जोडी पावलापावलानं चालली होती. मागे दिग्विजयची पांढरी जोडी ताटकळत होती. तोरण भिवाजीपासून हातभर राहिलं होतं.

"बाजूला! बाजूला व्हा!" मी ओरडलो. माणसं पांगली. पांढरे बैल बिथरले. खंड्या आणि मोऱ्यानं मात्र मागे वळून पाहिलं आणि शहाण्यासारखे दोन्हीकडे सरकून मला वाट दिली. मी त्यांच्या मधून गेलो, तोरणाखालून गेलो, खरं म्हणजे तोरण घेऊनच गेलो. त्याची दोरी चाकात अडकली, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि गाडी मारुतीच्या पायरीला नाक लावून उभी राहिली. आंब्याची पानं माझ्या गळ्यात होती.

हलगी थांबली. असे दावे मी शेकड्यानं तपासले आहेत. 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढंच लिहून फाईल बंद केली असती. पण समोर भिवाजी उभा होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता रिकाम्या बांबूंकडे बघत होता. मला गाडीतून उतरावंसं वाटेना. त्या गाडीचा मला त्या क्षणी मनापासून राग आला.

दिग्विजय पुढे आला, हात जोडूनच. "चूक कुणाची नाही. पण तोरण तर गेलं. दादांची जोडी पहिली गेली नाही. आता दुसरं तोरण बांधायचं, तर मान कुणाचा ते नव्यानं ठरवायला लागेल."

माणसं कुजबुजायला लागली. कुणी म्हणालं हे वाहन आहे, धरायचं नाही. कुणी म्हणालं धरायचं नाही कसं, तोरण तुटलंय. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "ही वाहन नाही, असं परिवहन कार्यालयानं सांगितलंय." यानं भिवाजीला मदत होईल असं मला वाटलं होतं.

"वाहान न्हाई, तर मंग काय हाय?" देवळाच्या कट्ट्यावरून आवाज आला. लीलाबाई. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, भिवाजीची चुलत आत्या. तिच्यापुढे सरपंचही खुर्चीत नीट बसतो. ती काठी टेकत आली आणि गाडीभोवती फिरली. "हेच्यात इंजान कुनाचं?"

"आमच्या पंपाचं, आत्ये," भिवाजी म्हणाला.

"आन् ह्यो येडा कोन?"

"साहेब. आमचे शेजारी."

लीलाबाईनं नाक माझ्या खांद्याजवळ आणलं. "हळदीचा वास येतोय. खांदं कुनी मळलं हेचं?"

चंद्रकला बायकांतून पुढे झाली. "आत्याबाई, काल आमच्याच मालकांनी मळलं. आन् आवतनबी दिलं. म्या ऐकलंय. ह्या बाईंनीबी ऐकलंय."

गाडीमागून धावत खाली आलेली हेमलता म्हणाली, "हो. मी साक्षीदार आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बाजूनं ती इतक्या ठामपणे पहिल्यांदाच बोलली.

लीलाबाईनं काठी आपटली. "खांदं मळलं, आवतन दिलं, इंजान त्याच्या घरचं. मंग ह्यो भिवाजीच्या दावनीचाच की! भिवाजीचंच जनावर पैलं गेलं. मान कुटं हालला?"

"पण आजी," दिग्विजय म्हणाला, "हा बैल नाही. याला शिंगं कुठायत?"

"शिंगं न्हाईत म्हून तर सरळ चालाया आलं न्हाई त्येला. आन् तुज्या बैलांस्नी काल आवतन कुनी दिलं रं? तू तर बावधनला हुतास. गड्यानं दिलं. मंग गड्याचं बैल म्हनू का त्यास्नी?"

पहिला हसला तो दिग्विजय, हे मला त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग सगळं गाव हसलं. हलगी सुरू झाली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला अजून घाम फुटतो. गाडी सुरू होईना. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, ट्रॅक्टर काढत नाहीत. तेव्हा भिवाजीनं माझ्या पँटच्या पट्ट्याला, म्हणजे बॉनेटच्या, गोंडे लावलेला कासरा बांधला आणि पोरांनी मागून ढकललं. उजव्या अंगाला खंड्या, डाव्या अंगाला मोऱ्या, मधे मी. मी उतरून चालतो म्हणालो, तर लीलाबाई म्हणाली, "गप बस. जनावर बोलत न्हाई." भिवाजीच्या दारात चंद्रकलानं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या चाकांवर. पितळी वाट्यांना कुंकू लावलं. हेमलतानं त्या वाट्या तिथे ओळखल्या, पण सणाच्या दिवशी काही बोलली नाही. मग सुपातून पुरणपोळी आली. खंड्याला, मोऱ्याला आणि मला. हातानं भरवली.

"मला साखरेचा त्रास आहे," मी म्हणालो.

"आज चालतं त्यांना," हेमलता चंद्रकलाला म्हणाली.

तेव्हापासून गावात मी 'भिवाजीचा तिसरा'. डेअरीत, एसटीत, पतपेढीत, सगळीकडे. ग्रामसेवकानं एकदा भर सभेत तसं संबोधलं आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली, ती हसत हसत. मी बरेच दिवस गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली होती.

हिवाळ्यात खंड्या गेला. बसला तो उठलाच नाही. आम्ही सगळे गेलो होतो. भिवाजीनं त्याचा गोंड्याचा कासरा घडी करून आढ्याला टांगला आणि त्यानंतर तो माझ्या शेडच्या दाराशी येईनासा झाला. रवी आता म्हणायला लागला की एकट्या बैलाचं करायचं काय. भिवाजीनं मानाचा विषय माझ्याकडे काढला नाही. तोरणाखालून जोडी जावी लागते, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

मी ताडपत्री काढली. इंजिनाची पुली बदलली, मग दुसरी लावली, मग तिसरी. ब्रेक नवे बसवले. हेमलता विचारायची, अजून पळवायची आहे का हिला? मी म्हणायचो, बघू. तिनं एकदा शेडमध्ये येऊन पाहिलं आणि त्या रात्री पानात भात भरपूर वाढला.

काल पोळ्याचा आदला दिवस होता. संध्याकाळपासून मी ओसरीवर बसलो होतो. काम काहीच नव्हतं. दिवेलागणीला भिवाजी कुंपणाच्या फाटकातून आत आला. हातात वाटी होती. पायरीशी उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मोऱ्या एकला हाय. डाव्या अंगालाच चालतो त्यो, तसाच शिकलाय. उजवी बाजू रिकामी पडती. पर तुमची गाडी लई पळती."

"नाही पळत," मी म्हणालो. "तीन पुल्या बदलल्या. आता मोऱ्याच्या पुढे जाईल तर शपथ. काल बांधावर त्याच्या शेजारून चालवून पाहिली. त्यानंही काही हरकत घेतली नाही."

भिवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग वर आला, वाटी खाली ठेवली. सदरा मी आधीच खांद्यावरून सरकवून ठेवला होता. हळदतूप गार होतं आणि त्याचा हात गरम. त्यानं दोन्ही खांदे मळले, सावकाश, दुखत नव्हते तरी.

"आज आवतन घ्या," तो म्हणाला, आणि खांद्यावर थाप मारली.

"उद्या जेवायला येतो," मी म्हणालो, आणि खंड्या घालायचा तशी मान खाली घातली.